ॲप घेण्याआधी एवढं विचारा : महिन्यानंतर मुलांना काय आठवतं?

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
आणि सर्व जिल्हा परिषदांचे मा. मुख्य कार्यकारी अधिकारी व मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक)

विषय : शाळांसाठी घेतल्या जाणाऱ्या शैक्षणिक सॉफ्टवेअरची खरेदीपूर्वी अध्ययनशास्त्राच्या (माणूस कसा शिकतो याच्या शास्त्राच्या) कसोटीवर तपासणी करण्याबाबत.

महोदय / महोदया,

बालभारतीच्या कोणत्याही पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडा. विषय समितीचे अध्यक्ष, सदस्य, चित्रकार, निर्मिती अधिकारी, सगळ्यांची नावं तिथे छापलेली असतात. पुस्तकात चूक निघाली तर कोणाला विचारायचं हे पालकालाही कळतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा घराघरांत, वर्तमानपत्रांत आणि विधानसभेतही त्यावर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी पुढे येऊन त्यामागचा विचार सांगितला : आपण बोलताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, त्यामुळे लहान मुलं गोंधळतात; शिवाय त्या शब्दांतली जोडाक्षरं त्यांना जड जातात. कोणी त्या बदलाच्या बाजूने होतं, कोणी विरोधात. पण मूल संख्या कशी शिकतं या प्रश्नावर महाराष्ट्र मोकळेपणाने भांडला, ही त्या वादातली मोलाची गोष्ट होती.

त्याच वर्गात आज स्मार्ट टीव्ही आहे, टॅब आहेत, कुठे इंटरॅक्टिव्ह पॅनल आहे. पैसा कधी जिल्हा नियोजन समितीचा, कधी ग्रामपंचायतीकडे आलेल्या वित्त आयोगाच्या निधीतला, कधी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा (सीएसआर), तर कधी गावाने वर्गणी काढून जमवलेला. त्या यंत्रातलं सॉफ्टवेअर मुलांना शिकवतं, त्यांचा सराव घेतं, त्यांना बरोबर-चूक सांगतं. म्हणजे पाठ्यपुस्तकाइतकीच त्याच्यावर जबाबदारी आली. पण ते कोणी तपासलं, कोणत्या निकषांवर तपासलं, त्यात काय उणं आढळलं, हे सांगणारा एकही कागद शाळेपर्यंत येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. यंत्राला माझा विरोध नाही. वर्गात एकाच वेळी दुसरीच्या पातळीची आणि सातवीच्या पातळीची मुलं बसलेली असतात तेव्हा चांगलं सॉफ्टवेअर केवढा मोठा आधार होऊ शकतं, हे मला माहीत आहे, आणि त्याचा पुरावाही खाली देते आहे. माझं म्हणणं खरेदीच्या पद्धतीबद्दल आहे. अधिकाऱ्यांच्या दालनात पुरवठादाराचं सादरीकरण होतं तेव्हा जे प्रश्न विचारले जातात ते साधारण असे : किती इयत्तांचा अभ्यासक्रम आहे, व्हिडिओ किती, ॲनिमेशन आहे का, मराठीत आहे का, नेट नसताना चालतं का, वॉरंटी किती वर्षांची. हे सगळे प्रश्न लागतातच. मात्र यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मूल शिकलं की नाही हे सांगत नाही.

वर्गातलं एक उदाहरण देते. सहावीतली एक मुलगी टॅबवर अपूर्णांकांच्या बेरजेचा सराव करत होती, मी शेजारी बसून बघत होते. प्रश्न होता १/२ + १/३. खाली चार पर्याय : २/५, ५/६, १/६, २/६. तिने २/५ वर बोट ठेवलं. लाल फुली आली, ‘चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असा आवाज आला, आणि तेच चार पर्याय पुन्हा समोर आले. तिने २/६ दाबलं. पुन्हा फुली. मग ५/६. टाळ्या वाजल्या, तीन चांदण्या पडल्या आणि पुढचा प्रश्न आला. तोही तिने असाच सोडवला. शिक्षकांच्या लॉगिनमध्ये तिच्या नावापुढे हा घटक ‘पूर्ण’ दिसत होता. मी वहीवर १/३ + १/४ लिहून दिलं. तिने उत्तर लिहिलं, २/७.

अंशात अंश मिळवायचा आणि छेदात छेद, ही चूक जगभरातली मुलं करतात. प्रश्न तयार करणाऱ्यालाही ती ठाऊक होती, म्हणून तर त्याने २/५ हा पर्याय मुद्दाम ठेवला. मुलगी नेमकी त्यातच सापडली. शिकवण्याची वेळ हीच होती, आणि नेमक्या त्याच वेळी सॉफ्टवेअरने फक्त ‘चुकलं’ म्हटलं. तिथे एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं : २/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहे की मोठं? अर्ध्यात आणखी थोडं मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं होईल? मी तिला हेच विचारलं. ती थांबली, दोन पट्ट्या काढून रंगवल्या आणि ‘मॅडम, हे तर कमी झालं’ म्हणाली. त्यापुढचं शिकवणं सोपं होतं.

मुलाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगितलं की ते सुधारतं, असं आपण गृहीत धरतो. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये प्रतिसादावरच्या प्रयोगांतल्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र अभ्यास केला. सरासरीने प्रतिसादाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा प्रतिसाद मिळाल्यावर कामगिरी उलट खालावली, असं त्यांना आढळलं. म्हणून सॉफ्टवेअर उत्तर दिल्यावर प्रतिसाद देतं का, एवढं विचारून भागत नाही. कोणत्या चुकीवर नेमकं काय सांगतं, आणि त्यानंतर मुलाला स्वतः काय करावं लागतं, हे स्क्रीनसमोर बसून, मुद्दाम चुकीची उत्तरं देत तपासावं लागतं. विषय शिकवणाऱ्या माणसाला हे एका दुपारी जमतं.

आता ‘निकाल’ दाखवण्याच्या पद्धतीबद्दल. सादरीकरणात एक तक्ता हमखास असतो : आधी चाचणी, मग आमचा धडा, मग लगेच चाचणी, आणि गुण इतक्या टक्क्यांनी वाढले. असा तक्ता पुढे आला की २००६ चा एक प्रयोग आठवावा. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत पारडं फिरलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के गोष्टी लक्षात होत्या, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२.

याचा खरेदीशी थेट संबंध आहे. पाहून-ऐकून झालं की लगेच घेतलेली चाचणी, व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला नेहमीच अनुकूल ठरणार. मुलांना डोकं खाजवायला लावणारं, आधी आठवायला सांगून मग उत्तर दाखवणारं सॉफ्टवेअर त्याच दुपारी फिकं दिसणार. म्हणजे आजच्या पद्धतीत आपण चांगलं सॉफ्टवेअर नाकारून कमी चांगलं निवडण्याची शक्यता खरोखर आहे. आणि मुलांना विचारूनही हे कळत नाही. याच दोघांनी २००८ मध्ये स्वाहिली आणि इंग्रजी शब्दांच्या ४० जोड्या शिकवून पाहिल्या. एकदा जमलेला शब्द पुन्हा पुन्हा आठवायला लावला त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आले. जमल्यावर तो शब्द चाचणीतून काढून टाकला त्यांना त्याच्या निम्मेही आले नाहीत. पण ‘तुम्हाला आठवड्यानंतर किती आठवेल?’ असं आधी विचारलं होतं तेव्हा सर्व गटांचा अंदाज जवळपास सारखाच होता. ‘मुलांना खूप आवडतं’ हे वाक्य मी अनेक अहवालांत वाचते. ते खरंही असेल. पण आवडणं आणि लक्षात राहणं या दोन वेगळ्या मोजण्याच्या गोष्टी आहेत.

सरावाच्या रचनेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण जवळजवळ सर्व ॲप इथे सारखीच आहेत. घटक निवडा, त्या घटकाची दहा उदाहरणं सोडवा, पट्टी हिरवी होते, पुढचा घटक. मसावि-लसाविचा सराव घ्या. ‘लसावि’ या शीर्षकाखाली दहा शाब्दिक उदाहरणं असली तर मुलाला उदाहरण वाचायचीही गरज पडत नाही. संख्या उचलायच्या आणि लसावि काढायचा. खरी अडचण वेगळीच असते. ‘तीन घंटा अमुक अमुक मिनिटांनी वाजतात, पुन्हा एकत्र कधी वाजतील?’ आणि ‘दोन पिंपांतलं तेल पूर्ण मोजता येईल असं मोठ्यात मोठं माप कोणतं?’ यातलं कुठलं लसाविचं आणि कुठलं मसाविचं, हे ओळखता येणं म्हणजे तो घटक येणं. शिष्यवृत्तीच्या पेपरात शीर्षक नसतं, तिथे मुलं अडकतात, आणि आपण म्हणतो की शाळेत तर येत होतं.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या उदाहरणांवर हेच तपासलं. एका गटाला एका प्रकारची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला चार प्रकारची सरमिसळ करून. सराव चालू असताना सलग करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. आपला डॅशबोर्ड, म्हणजे सॉफ्टवेअरमधला आकड्यांचा फलक, काय दाखवतो? सराव चालू असतानाची टक्केवारी. त्याच आकड्यावर तालुक्याची आढावा बैठक चालते, त्याच आकड्यावर शाळा ‘हिरवी’ किंवा ‘लाल’ ठरते. सराव अवघड करणारं, त्यामुळे आज कमी टक्के दाखवणारं पण पुढे टिकणारं सॉफ्टवेअर या आढाव्यात नापास होईल.

उजळणीची गोष्टही याला लागूनच येते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा दिवस सोडून केलेली उजळणी स्वस्त पडते हे दाखवलं. त्यानंतरच्या सव्वाशेहून जास्त वर्षांत हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा पक्का झाला आहे. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. त्यात सर्वांत उपयोगी ठरल्या त्या दोन : स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराअंतराने सराव. पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं तळाशी गेलं. यंत्राला हे काम माझ्यापेक्षा चांगलं जमायला हवं. पटावरच्या प्रत्येक मुलाला कोणता घटक कधी पुन्हा विचारायचा याची नोंद मला ठेवता येत नाही, सॉफ्टवेअरला सहज येते. सहावीत अपूर्णांक झाले की पुढे गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा येतात आणि तिथे पुन्हा अपूर्णांकच लागतात. दिवाळीनंतर सॉफ्टवेअर आपण होऊन जुन्या घटकाचे दोन प्रश्न पुढे टाकतं का? मी वापरलेल्या एका ॲपमध्ये ‘पूर्ण’ झालेला घटक मुलापुढे पुन्हा कधीच येत नव्हता. यंत्राचं जे खरं बळ, तेच वापरलेलं नव्हतं.

ॲनिमेशनबद्दल अधिकाऱ्यांना आणि पालकांनाही फार अप्रूप असतं, म्हणून दोन शब्द. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये वीज कशी चमकते याचा धडा दोन प्रकारे दिला. एकात फक्त प्रक्रिया, दुसऱ्यात वीज पडल्याच्या चित्तवेधक पण प्रक्रियेशी संबंध नसलेल्या गोष्टी मिसळलेल्या. मिसळलेला धडा वाचणाऱ्यांना प्रक्रिया कमी समजली. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात पान नाचतं, सूर्य गॉगल घालून गातो, मागे ढोलकी वाजते. मुलं हसतात, आणि कार्बन डायऑक्साइड पानात कुठून शिरतो हे राहून जातं. एका वेळी मनात थोडंच मावतं, ही मर्यादा सर्वांचीच आहे, आणि नवशिक्या मुलाला ती जास्त जाचते.

पण इथेही आंधळेपणाने नियम लावू नये. बोललेलंच वाक्य स्क्रीनवर लिहून दाखवू नये, दोन्हीकडे लक्ष विभागतं, असं मेयर यांचं संशोधन सांगतं. ते भाषा उत्तम येणाऱ्या वाचकांपुरतं ठीक. वाचायला नुकतंच शिकणाऱ्या मुलाचं तसं नाही. ब्रिज कोठारी यांनी भारतीय व्यवस्थापन संस्था, अहमदाबाद इथे सुरुवात करून अनेक वर्षं टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवून वाचन सुधारण्याचं काम केलं आहे. नंदुरबारमधल्या पावरी बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या, गडचिरोलीतल्या माडिया बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठी ही दुसरी भाषा असते. त्याला ऐकलेला शब्द लिहिलेला दिसणं गरजेचं आहे. म्हणूनच तपासणी आपल्या मुलांसमोर, आपल्या शाळांत व्हायला हवी. बाहेरचा शिक्का आणून चिकटवला तर हा फरक निसटतो.

‘प्रत्येक मुलाच्या शिकण्याच्या शैलीप्रमाणे’ अशी जाहिरात असेल तर तो मुद्दा खरेदीच्या गुणपत्रकातून सरळ काढून टाकावा. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेमागचा पुरावा तपासला, आणि शैली ओळखून तसं शिकवल्याने जास्त शिकणं होतं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. मुलागणिक बदलायला हवी ती पातळी.

आणि पातळीबद्दलचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा दिल्लीतला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. शाळा सुटल्यावरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर मूल जिथे आहे तिथून सुरुवात करत होतं. निम्मा वेळ सॉफ्टवेअर, निम्मा वेळ छोट्या गटात शिकवणारा माणूस. कोणाला प्रवेश मिळणार हे सोडतीने ठरवलं होतं, त्यामुळे तुलना खरी होती. साडेचार महिन्यांत सोडत लागलेल्या मुलांची गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले असतात याचं माप) इतकी जास्त वाढ झाली. शैक्षणिक प्रयोगांत असा आकडा क्वचित दिसतो, आणि मागे पडलेल्या मुलांना तुलनेने जास्त फायदा झाला.

पण त्याआधीचा वडोदऱ्याचा अनुभवही शेजारी ठेवावा लागतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं, गणिताचे खेळ दिले. गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. वर्षभराने पुन्हा मोजलं तेव्हा त्यातला बराचसा भाग ओसरला होता. संशोधकांनी वर्षभराने पुन्हा मोजलं म्हणून हे कळलं. आपण पुन्हा मोजतच नाही.

सगळ्याच सॉफ्टवेअरचा फायदा होतो असंही नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने वाचन आणि गणिताची १६ उत्पादनं १३२ शाळांत तपासली. २००७ च्या अहवालानुसार पहिल्या वर्षाअखेर ती वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या वर्गांच्या गुणांत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात ब्रिटनमधली पाहणी दिली आहे : शैक्षणिक तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपन्यांपैकी केवळ ७ टक्के कंपन्यांनी सोडतीवर आधारलेली चाचणी घेतली होती. त्याच अहवालात अमेरिकेतल्या १७ राज्यांतली पाहणी आहे. उत्पादन वापरायला घेण्यापूर्वी संशोधनाने पारखलेला पुरावा मागणारे शिक्षक आणि प्रशासक ११ टक्के निघाले. पुरावा कोणी मागत नाही म्हणून कोणी तयार करत नाही. मागणारा सर्वांत मोठा ग्राहक आपल्या राज्यात कोण आहे? आपण आहात.

निकष नव्याने शोधायचीही गरज नाही. पवईच्या आयआयटीतल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या विभागाने सेंट्रल स्क्वेअर फाउंडेशन या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेबरोबर ‘एडटेक तुलना’ नावाची मूल्यमापनाची चौकट तयार केली आहे. आशयाचा दर्जा, अध्यापनाची पद्धत आणि तंत्रज्ञान व मांडणी, अशा तीन बाजूंनी ती उत्पादन पारखते. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, जिथे मुलं विज्ञान-गणित कसं समजून घेतात याचाच अभ्यास चालतो. जिल्ह्याजिल्ह्यांत डायट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. ही सगळी माणसं आपल्याच राज्यात असताना सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या सादरीकरणावर निवडलं जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी मागणी अशी. यापुढे सरकारी निधीतून, किंवा सीएसआरमधून का होईना, शाळेत येणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा लेखी तपासणी अहवाल असावा. तपासणाऱ्यांत त्या विषयाचे आणि त्या इयत्तेचे शिकवते शिक्षक असावेत. अहवाल मराठीत, सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा आणि पाठ्यपुस्तकावर असतात तशी त्यावर तपासणाऱ्यांची नावं असावीत. चुकीच्या उत्तरावर सॉफ्टवेअर काय करतं, आठवायला लावतं की नुसतं दाखवतं, घटकांची सरमिसळ करतं का, जुनं पुन्हा कधी विचारतं, मुलाची पातळी कशी ओळखतं, हे त्यात उदाहरणांसह लिहिलेलं असावं. ‘दीक्षा’ या सरकारी डिजिटल व्यासपीठावरचं आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं साहित्यही याच कसोटीला लावावं; आपलं म्हणून सूट नको.

मोठी खरेदी असेल तर आधी एका तालुक्यात चिठ्ठ्या टाकून शाळांचे दोन गट करावेत. एका गटाने सॉफ्टवेअर वापरावं, दुसऱ्याने तेवढाच वेळ वही-पेन्सिलीवर सराव करावा. ही तुलना महत्त्वाची आहे, कारण ज्या मुलांना जादा वेळच मिळाला नाही त्यांच्याशी तुलना केली तर कुठलंही उत्पादन चांगलं दिसेल. धडा संपल्यावर चार आठवडे जाऊ द्यावेत आणि मग न सांगता कागदावर चाचणी घ्यावी. प्रश्न ॲपमधले नसावेत, ते पुरवठादाराने काढलेले नसावेत. जो निकाल येईल तो छापावा, फरक शून्य आला तरी. एका सत्रात हे होतं. ‘एवढा वेळ कुठे आहे, निधी मार्चअखेर परत जाईल’ असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. निधीचं वेळापत्रक खरं आहे. पण टॅब घेण्याचा निर्णय आणि त्यातल्या सॉफ्टवेअरचा निर्णय वेगळा करता येतो. यंत्र मार्चमध्ये घ्या, सॉफ्टवेअरचा करार चाचणीनंतर करा, आणि नूतनीकरण पुढच्या निकालावर ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी उद्यापासूनही करता येईल. आढावा बैठकीत वापराचे तास आणि ‘पूर्ण’ घटक विचारणं बंद करावं. शाळांना तास भरायचे म्हणून टॅब चालू ठेवावे लागतात, व्हिडिओ नुसते सुरू ठेवले जातात, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकले जातात. यात शिक्षकांचा दोष काढू नका, विचारलं जातं तेच भरलं जातं. त्याऐवजी करारातच अट घाला की कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी कोणतं चुकीचं उत्तर दिलं, ही माहिती वर्गशिक्षकाला त्याच दिवशी दिसली पाहिजे. १/२ + १/३ ला वर्गातल्या बाराजणांनी २/५ दाबलं हे मला कळलं, तर उद्याच्या तासाला काय घ्यायचं ते मला ठाऊक असेल.

पुढच्या निविदेत तपासणी अहवालाची आणि चार आठवड्यांनंतरच्या चाचणीची अट घालणार का, याचं लेखी उत्तर आपण द्यावं, ही विनंती. चाचणीसाठी आमची शाळा चिठ्ठीत घ्या. सॉफ्टवेअरचा गट मिळो की वहीचा, आम्ही तयार आहोत. प्रश्नपत्रिका काढायला आणि उत्तरपत्रिका तपासायला आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले विषयशिक्षक शाळा सुटल्यावर बसतील, त्यासाठी मानधन नको.

कळावे,

आपली,
पदवीधर शिक्षिका (गणित-विज्ञान),
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा